गौडा, किनू आणि आमची संत्री

पुण्या-मुंबईच्या सुपरमार्केटात हल्ली 'गौडा' नावाचं चीज सहज मिळतं. गौडा हे खरं तर नेदरलँड्समधलं एक गाव. पण पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा, चीज तिथलं असेलच असं नाही. हे नाव जगभर इतकं वापरलं गेलं की गावाचं नाव न राहता चीजच्या प्रकाराचं नाव झालं. आज कुणीही, कुठेही गौडा बनवून विकू शकतो. २०१० साली युरोपियन युनियनने संरक्षण दिलं ते 'गौडा हॉलंड' या जोडनावाला. दूध तिथलं, मुरवणं तिथलं, तरच हे नाव. नुसतं 'गौडा' हातचं गेलं ते गेलंच.

आता तुम्ही म्हणाल, चांदूर बाजारच्या माणसाला चीजची एवढी काळजी का? कारण आमच्या संत्र्याचीही वाट तीच आहे.

'नागपुरी संत्रा' सगळ्यांना माहीत असतो. पण तो पिकतो कुठे? नागपूर जिल्ह्यात पिकतोच, पण वरूड, मोर्शी, अचलपूर, चांदूर बाजार हा अमरावती जिल्ह्याचा पट्टा म्हणजे संत्र्याचं घर. नावावरून आमची तक्रार नाही. बाजारात नागपूर चालतं, तर चालू द्या! दुखणं वेगळं आहे. हिवाळ्यात शहरात 'नागपुरी' म्हणून जे विकलं जातं, त्यात बरेचदा पंजाबचा किनू असतो. किनू हा १९३५ साली कॅलिफोर्नियातून बाहेर आलेला संकर. दिसायला चकाचक, साल घट्ट, आत बियाच बिया. आपला संत्रा दिसायला जरा ओबडधोबड, पण साल सैल, हाताने सहज निघते आणि आंबट-गोडाचा मेळ काही औरच.

किनू वाईट आहे असं मी म्हणत नाही. चांगलं फळ आहे, किनू म्हणून विका ना! दुसऱ्याच्या नावावर कशाला?

बरं, कायदा नाही असंही नाही. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा, लागू झाला सप्टेंबर २००३ मध्ये. नागपुरी संत्र्याला मानांकन मिळालं २०१४ साली, कोकणच्या हापूसला २०१८ साली. खोटं मानांकन लावलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड अशी तरतूद आहे. मग अडतं कुठे?

आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. वेबसाइटच्या सर्टिफिकेटला किंमत आहे, कारण ब्राउझर ते प्रत्येक वेळी तपासतो. कुणी तपासतच नसेल तर सर्टिफिकेट म्हणजे नुसता कागद. मानांकनाचं तेच झालंय. ते नाव अधिकृतपणे वापरायचं तर उत्पादकाने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणी करावी लागते. २०२० मध्ये या नोंदणीचं शुल्क पाचशेवरून दहा रुपयांवर आणलं गेलं. म्हणजे पैसा हा अडथळा नाही. अडथळा आहे विक्रीच्या पद्धतीत. आमच्याकडे बरेच शेतकरी फळ झाडावर असतानाच उभा बगीचा व्यापाऱ्याला देतात. इसार घेतला की पुढे तोडणी, प्रतवारी, पेट्या सगळं व्यापाऱ्याचं. पेटीवर काय छापायचं ते ठरवताना शेतकरी तिथे नसतोच. आमच्या भाषेत सांगायचं तर, नाव नागपूरचं, घाम आमचा अन् मलाई तिसऱ्याचीच!

शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. फळगळ, गारपीट, पडते भाव, या सगळ्यात आज हातात येणारा पैसा कोण सोडेल? पण एकेकट्याने जे होत नाही ते शेतकरी उत्पादक कंपनी करू शकते. सभासदांची नोंदणी, स्वतःची प्रतवारी, पेटीवर गाव आणि बहार, सोबत क्यूआर कोड. डच चीजच्या प्रत्येक चाकावर केसिनची छोटी चकती असते, तिच्यावर त्या चाकाचा स्वतंत्र क्रमांक असतो. त्यावरून ते कुठे बनलं ते सापडतं. आपल्याला फळाफळावर नको, पेटीवर तरी जमायला हवं. आणि हो, त्या पेटीत आंबिया बहाराचा कच्चा, आंबटढोण माल भरला तर सगळं मुसळ केरात. नाव राखायचं तर आधी आपणच ते पाळायला हवं.

राहिलं गिऱ्हाईक, म्हणजे तुम्ही-मी. मोबाइल घेताना आपण दहा गोष्टी तपासतो. येत्या हिवाळ्यात फळवाल्याला एवढंच विचारा, "नागपुरी आहे की किनू?" साल दाबून बघा, सैल आहे की घट्ट. दहापैकी चार गिऱ्हाइकांनी जरी विचारलं, तरी पाटी लिहिताना तो दोनदा विचार करेल. 'गौडा'ची वेळ निघून गेली. 'नागपुरी'ची अजून गेलेली नाही.