मेलबर्नची हॅट्‌ट्रिक आणि आपला मराठवाडा

१/ १ नोव्हेंबर १९५६ रोजी नांदेड-लातूरसह मराठवाडा हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. ही तारीख आपल्याला पाठ असते. बरोबर महिन्याभराने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये काय घडले, हे मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असते.

२/ फुटबॉलच्या उपांत्यपूर्व सामन्यात भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमवले. त्यांतील तीन गोल मूळ गोव्याच्या, मुंबईकर नेव्हिल डिसूझा यांचे. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक नोंदवणारे ते पहिले आशियाई खेळाडू. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम.

३/ उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही डिसूझांचाच. सामना मात्र भारताने १-४ असा गमावला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० अशी मात केली. भारत चौथा. स्पर्धेत सर्वाधिक, प्रत्येकी चार गोल करणाऱ्या तिघांत डिसूझा होते.

४/ क्रीडा-इतिहास पदकांच्या यादीपुरता शिकवला, की चौथ्या क्रमांकाचे कर्तृत्व विस्मृतीत जाते; डिसूझांचे तसेच झाले. १९८० मध्ये ते निवर्तले.

५/ म्हणून माझे मत असे : राज्यपुनर्रचनेच्या अभ्यासात हा सामनाही असावा. मराठवाड्याची जुनी राजधानी प्रशिक्षकाच्या रूपाने आणि नवी राजधानी गोलकर्त्याच्या रूपाने त्या दिवशी एकाच संघात उभी होती.