एकेरी पट आणि जिंगा

दिवाळीत गावी गेलो होतो. गाव म्हणजे इंझोरी, तालुका मानोरा, जिल्हा वाशिम. (आम्ही शाळेत पत्ता लिहायचो तेव्हा जिल्हा अकोला होता. वाशिम वेगळा झाला १९९८ मध्ये.) सोयाबीन निघून गेलेलं, तूर उभी, संध्याकाळची हवा छान. चहा घेऊन स्लॅबवर गेलो तर पुतण्या पाण्याच्या टाकीला मोबाइल टेकवून, हात खाली रोवून, पाय आभाळात फिरवतोय.

"काय करून राह्यला बे?"

"कापोएरा, काका. तुमी पुण्यात शिकता तेच. कराटे तं येतेच मले, आता हे त्याच्यात मिक्स करतो. आन् आबाची लाठी बी टाकतो. तिन्ही मिळून काहीतरी खतरनाक होईन!"

पोरगं अकरावीत आहे. त्या वयात सगळंच मिक्स करावंसं वाटतं. मी तेव्हा "हळू कर, गुडघा जाईल" एवढंच बोललो आणि खाली आलो. पण उत्तर डोक्यात फिरत राहिलं. ते इथे लिहितोय.

आधीच सांगतो, मी कुणी वस्ताद नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी दोन वर्षांचा नवशिका आहे. कापोएरा पहिल्यांदा पाहिला तो अमरावतीला कॉलेजात असताना, गेम पार्लरमध्ये. 'टेकेन ३' मधला एडी गॉर्डो. बटणं कशीही बडवली तरी तो गडी नाचत नाचत समोरच्याला लोळवायचा. मनात राहिलं ते राहिलंच. पुढे नोकरी, लग्न, पोट सुटणं वगैरे रीतसर झालं, आणि मग एक दिवस पुण्यात घराजवळ क्लासची पाटी दिसली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कापोएरा ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी आणि त्यांच्या लेकरांनी तो घडवला. (हेच पोर्तुगीज इकडे गोव्यात १९६१ पर्यंत होते.) १८८८ मध्ये तिथली गुलामगिरी संपली आणि १८९० च्या दंडसंहितेत कापोएरा खेळणं हाच गुन्हा ठरला! पुढे साल्वादोर शहरात मेस्त्रे बिंबांनी १९३२ मध्ये शाळा काढली आणि १९३७ मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. २०१४ मध्ये युनेस्कोने कापोएराच्या रिंगणाला वारशाच्या यादीत घेतलं. मेस्त्रे म्हणजे आपला वस्तादच. रिंगणाला म्हणतात 'रोदा'. सगळे गोल उभे राहून टाळ्या वाजवतात, गातात, आणि मधे दोघं खेळतात. वेग ठरवतं ते बेरिंबाऊ नावाचं वाद्य. धनुष्याला एक तार, खाली पोकळ भोपळा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपलं तुणतुणं आठवलं.

पहिले दोन महिने मला एकच गोष्ट शिकवली. जिंगा. एक पाय मागे, मग दुसरा मागे, हात तोंडापुढे, अंग सतत डुलतं. दिसायला काही नाही. करायला बसलात की कळतं. आमच्या लहानपणी मारुतीच्या देवळामागे आखाडा होता. तिथे मी चार-पाच वर्षं माती अंगाला लावली, थोडी लाठीही फिरवली. त्या मातीनं अंगात एक गोष्ट भरली: पाय रोव, खाली वाक, समोरच्याला हात घाल. जिंगा सांगतो बरोबर उलटं. रोवू नकोस, धरू नकोस, थांबू नकोस.

मग व्हायचं तेच झालं. तिसऱ्या महिन्यात मला रोद्यात सोडलं. समोरच्या मुलीनं एक गोल लाथ फिरवली, पाय माझ्या छातीसमोरून गेला, आणि मी काही विचार करायच्या आत तो पाय धरून एकेरी पट काढला होता. ती बिचारी धाडकन खाली. टाळ्या बंद, गाणं बंद, बेरिंबाऊ बंद. सुदैवानं तिला लागलं नाही. उठून हसलीसुद्धा. माझी मात्र मान वर होईना. आमचे शिक्षक शांतपणे एवढंच म्हणाले, की पट चांगला होता, पण इथे आपण तो खेळ खेळत नव्हतो.

हे वाक्य मला पुतण्याला सांगायचं होतं.

दोन कला एकत्र करायच्या म्हणजे दोन्हीकडचे डाव एका पिशवीत भरायचे, असं आपल्याला वाटतं. पण अंगात जे मुरतं ते डाव नसतात, ती सवय असते. कराटेची लाथ जाते, लागते, थांबते आणि परत येते. कापोएराची लाथ थांबतच नाही, गोल फिरून पुन्हा जिंग्यात मिसळते. कराटेवाला ती फिरवताना खालचा पाय रोवून ठेवतो, आणि मग वरचं अंग फिरतं, पाय तिथेच, मधल्या मधे गुडघा पिळतो. मी स्वतः हे करून महिनाभर लंगडलो आहे. दोष कुणाचा नाही, माझ्याच घाईचा. सिमेंटच्या स्लॅबवर एकट्यानं केलं तर मनगटाचीही तीच गत. म्हणून माझं मत सरळ आहे. नवशिक्यानं मिसळू नये. एक काहीतरी अंगाला विचारावं न लागता येईपर्यंत दुसऱ्याचे डाव त्यात घालू नयेत.

यावर कुणी म्हणेल, अहो पण खुद्द मेस्त्रे बिंबांनीच तर मिसळलं! खरं आहे. त्यांचे वडील 'बातूक' नावाच्या, पायात पाय घालून पाडण्याच्या खेळातले नावाजलेले गडी. बिंबांनी त्यातलं बरंच कापोएरात आणलं. पण केव्हा? लहानपणापासून कापोएरा खेळून त्यात मुरल्यावर. आणि नवशिक्यांना त्यांनी दिलं काय? ठरलेल्या आठ मालिका, त्याही जोडीनं करायच्या. स्वतः मिसळलं, पण शिष्याला आधी घोटायला लावलं.

आणि आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? मल्लखांब घ्या. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो रुजवला असं मानतात. कुस्तीगिराला जोडीदाराशिवाय सराव व्हावा म्हणून तो खांब. त्यावर अढ्या घालून मांड्या, पोटऱ्या, पकड तयार व्हायची. पण म्हणून कुणी दंगलीत उतरून समोरच्यावर मल्लखांबाची उडी मारली नाही. मल्लखांबानं कुस्तीला अंग दिलं, डाव दिले नाहीत. आमच्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये काढलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथली मंडळी आपले खेळ दाखवून आली. देशी-परदेशी व्यायाम एका आवारात शिकवायची रीत आपल्या वऱ्हाडाला नवी नाही. एका आवारात, बरं का. एका उडीत नव्हे.

माझंही तसंच झालं. पट सोडला तेव्हा कुस्ती कामाला आली. दंड मारलेल्या खांद्यांनी हात टेकून उलटं उभं राहणं सोपं केलं. बैठकांनी खाली वाकून लाथ चुकवायला जोर दिला. आणि लाठीनं शिकवलेली एक गोष्ट तर जशीच्या तशी चालली. अंग कुठेही फिरो, नजर समोरच्यावरून हलवायची नाही.

आता खरं दुखणं सांगतो.

पुतण्याचं चुकतंय ते मिसळण्यात कमी आणि एकटेपणात जास्त. त्याच्यासमोर मोबाइल आहे, माणूस नाही. लाथ चुकली तर सांगणारा नाही, लागली तर हसून उठणारा नाही. मला पटाची चूक कळली ती समोर जिवंत माणूस पडलं म्हणून. मोबाइल पडला असता तर काय कळलं असतं? कापोएरातून रोदा काढला की उरते नुसती कसरत. आखाड्यातून माणसं काढली की उरते नुसती माती.

आणि ही माणसं आपणच काढली ना? वाद्याच्या ठेक्यावर अंग हलवायला आपल्याला ब्राझील लागतंय, ज्यांच्याकडे हलगी आणि लेझीम आहे त्यांना! लेझीम आपण २६ जानेवारीच्या कार्यक्रमाला बांधली, लाठी विसर्जनाच्या मिरवणुकीला. बाकी वर्षभर आखाड्याला कुलूप. मी स्वतः वीस वर्षांत तिथे डोकावलो नव्हतो, आणि पुण्यात मात्र दर महिन्याला फी भरून गोल उभा राहून टाळ्या वाजवतो. पोराला कुठल्या तोंडानं सांगू की बाहेरचं कशाला करतोस?

तसं सांगायचंही नाही. कापोएरा करू दे. जग मोठं आहे, चांगलं ते घ्यावं. फक्त स्लॅबवर नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं आखाड्यात गेलो. किल्ली आबांकडेच निघाली. आत माती दगडासारखी झालेली, कोपऱ्यात खताची रिकामी पोती. तासभर खणली, पाणी मारलं. आबा ओट्यावर बसून बघत होते. पुतण्यानं जिंगा करून दाखवला. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डुलते तं बरा. पण याले पाडणार कोन?"

पुतण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चप्पल काढली.

तीन वेळा मी त्याला पाडलं, चौथ्यांदा तो निसटला. तेवढ्यात रस्त्यावरची दोन पोट्टी भिंतीवर येऊन बसली होती. रोदा व्हायला अजून बरीच माणसं लागतील. पण कुलूप परत लावलं नाही, किल्ली पुतण्याकडे आहे.

गुडघा अजून दुखतोय. असो.