आमचा प्राणी कोणता? माझं मत वटवाघळाला

पोस्ट मोठी आहे. पण वाचायला घेतलीत तर शेवटपर्यंत वाचा. कारण नुसता मथळा वाचून "अगं, वटवाघूळ काय, काहीतरी चांगलं बघ की" असं सांगणारे चार फोन मला आधीच येऊन गेलेत.

तर विषय असा. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातल्या ऑटिस्टिक मुलांच्या पालकांचा आमचा एक ग्रुप आहे. त्यात आम्ही चार-पाच मोठी ऑटिस्टिक माणसंही आहोत. मी डोंबिवलीची, नोकरी ठाण्यात, निदान झालं वयाच्या एकतिसाव्या वर्षी. २ एप्रिलच्या जागतिक ऑटिझम दिनासाठी ग्रुपने बॅनर आणि टी-शर्ट करायचं ठरवलं आणि प्रश्न आला, चित्र कशाचं? कुणीतरी म्हणालं, महाराष्ट्राचा जसा शेकरू, तसा आपलाही एक प्राणी असावा. तिथून जी चर्चा सुरू झाली ती अजून संपलेली नाही.

आधी जुन्या चिन्हाबद्दल. ऑटिझम म्हटलं की जिगसॉ कोड्याचा तुकडा दिसतो, तो १९६३ साली लंडनमध्ये पालकांच्या संस्थेने निवडला. त्या पहिल्या चित्रात तुकड्याच्या आत एक रडणारं मूल होतं. त्या पालकांच्या हेतूबद्दल शंका नाही, त्या काळात त्यांच्या बाजूने कुणीच नव्हतं. पण तुकडा काय सांगतो? हे मूल म्हणजे कोडं आहे, यात काहीतरी कमी आहे. अनेक मोठ्या ऑटिस्टिक माणसांना ते नको होतं. म्हणून पुढे इंद्रधनुषी रंगातलं अनंताचं चिन्ह आलं. २००५ पासून १८ जूनला 'ऑटिस्टिक प्राइड डे' साजरा होतो, तिथे तेच दिसतं. चिन्ह चांगलं आहे, पण आमच्या सोसायटीतल्या काकूंना दाखवलं तर त्या म्हणतील, हा आडवा आठ कशाला? प्राण्याचं तसं नाही. प्राणी सगळ्यांना कळतो.

ग्रुपवर एक आक्षेप लगेच आला आणि तो खरा आहे. एक आई म्हणाल्या, "माझ्या मुलाला नातेवाईक 'जनावरासारखा वागतो' म्हणतात, आणि तुम्ही त्याला प्राण्याचंच चिन्ह देताय?" मी यावर बराच विचार केला. आपल्याकडे गणपतीला हत्तीचं तोंड आहे, जवळजवळ प्रत्येक देवाला एखादा प्राणी वाहन म्हणून आहे, त्यात आपल्याला अपमान वाटत नाही. राज्याने शेकरू निवडला म्हणून महाराष्ट्राला कुणी खार म्हणत नाही. दुसऱ्याने चिकटवलं तर ती शिवी आणि आपण निवडलं तर ती ओळख. म्हणून कोणता प्राणी याच्याही आधी प्रश्न आहे, निवडणार कोण?

आता सुचवलेले प्राणी. पहिला अर्थातच फ्लेमिंगो. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ सालचं, २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जाही मिळाला, त्यामुळे स्थानिक अभिमान वगैरे. दुसरं ब्लू मॉर्मन, आपलं राज्य फुलपाखरू. तिसरी मांजर. हे जगभर चालतं, ऑस्ट्रेलियाच्या कॅथी हूपमन यांचं २००६ सालचं मांजरांच्या फोटोंचं पुस्तक याच तुलनेवर उभं आहे.

मला तिन्ही नको. फ्लेमिंगो आणि फुलपाखरू निवडायचं एकच कारण, ते फोटोत छान दिसतात. त्यांच्यात आमच्यासारखं काय आहे, हे कुणी सांगितलं नाही. आणि मांजर म्हणजे एकटी, आपल्याच तंद्रीत, कुणाची पर्वा नसलेली. हाच तर गैरसमज! मराठीतला 'स्वमग्न' हा शब्दही तेच सांगतो, स्वतःतच बुडालेला. 'ऑटिझम' या शब्दात ग्रीक 'स्व' आहे. १९११ च्या सुमारास ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने तो स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात वापरला, नंतर तो आमच्याकडे आला. मी डोंबिवली स्टेशनवर उभी असते तेव्हा स्वतःत मग्न नसते हो. उलट सगळं एकाच वेळी आत येत असतं. इंडिकेटर, घोषणा, शेजारच्या मोबाईलवरचं रील, घामाचा वास, वड्याच्या तेलाचा वास, पाठीला टोचणारी कुणाची तरी बॅग. मी त्यातून वाट काढत असते, म्हणून तुमच्याकडे बघत नाही.

आणि म्हणून वटवाघूळ.

१७९० च्या दशकात स्पालान्झानी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने पाहिलं की डोळे गेलेलं वटवाघूळ अंधारात नीट उडतं, पण कान बंद केले की आपटतं. प्रयोग क्रूर होता, निष्कर्ष बरोबर होता. पण त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, कारण माणसाच्या कानाला वटवाघळाचा आवाजच येत नव्हता. १९३८ मध्ये हार्वर्डचा विद्यार्थी डोनाल्ड ग्रिफिन वटवाघळं घेऊन पिअर्स या भौतिकशास्त्रज्ञाकडे गेला. पिअर्सकडे माणसाला ऐकू न येणारे आवाज टिपणारं यंत्र होतं. त्यापुढे वटवाघळं धरली आणि कळलं की ती मुकी नाहीत. ती सतत ओरडत असतात, आपल्या २०,००० हर्ट्झच्या मर्यादेच्या वर. दीडशे वर्षं कमतरता कुणाच्या कानात होती, सांगा.

आमच्या ग्रुपमधली जी मुलं तोंडाने बोलत नाहीत, त्यांच्याबद्दल "त्याला काही कळत नाही" असं त्यांच्यासमोरच बोललं जातं. त्यांच्यासाठी यापेक्षा नेमकी गोष्ट मला माहीत नाही.

१९७४ मध्ये थॉमस नेगल या अमेरिकन तत्त्वज्ञाने एक गाजलेला निबंध लिहिला, त्याचा प्रश्न असा की वटवाघूळ असणं म्हणजे आतून कसं वाटतं? त्याचं म्हणणं, वटवाघळाच्या मेंदूची सगळी माहिती गोळा केली तरी ते आपल्याला बाहेरून कळणार नाही. आणि २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या ब्रिटिश अभ्यासकाने, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, मांडलं की ऑटिस्टिक माणसांना इतरांचं मन कळत नाही हे अर्धंच सत्य आहे, इतरांनाही ऑटिस्टिक माणसांचं मन कळत नाही. अडचण दोन्हीकडून असते, 'दोष' मात्र एकाच्याच नावावर लागतो.

आपल्याकडे सरकारी प्रमाणपत्रासाठी 'इसा' नावाची मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे आहेत आणि पहिलाच मुद्दा, नजरेला नजर देत नाही. प्रमाणपत्र लागतं, मोजपट्टीही लागते, माझी तक्रार तिच्याशी नाही. पण ती बघणाऱ्याला काय दिसतं ते मोजते. माझ्या तपासणीच्या वेळी डोक्यावरच्या ट्यूबचा चोक गुणगुणत होता आणि मला प्रश्न ऐकू येत नव्हते. त्यासाठी कुठल्या रकान्यात किती गुण, ते कुणी विचारलं नाही.

राहिला एकटेपणा. वटवाघूळ एकटं नसतं, बहुतेक जाती वसाहत करून राहतात. लॅटिन अमेरिकेतली रक्त पिणारी वटवाघळं, ज्यांच्या नावाने सिनेमे निघाले, ती उपाशी राहिलेल्या सोबत्याला स्वतःच्या पोटातलं काढून भरवतात. जेराल्ड विल्किन्सन यांनी हे १९८४ मध्ये दाखवून दिलं. आणि सगळी वटवाघळं सारखीही नसतात. चौदाशेहून अधिक जाती आहेत. कीटक खाणारी कानाने वाट शोधतात, तर तुमच्या सोसायटीतल्या बदामाखाली सकाळी चघळलेली बदामं टाकून जाणारी मुख्यतः डोळ्यांनी आणि नाकाने. माझ्यावरून तुम्ही ग्रुपमधल्या दहा वर्षांच्या मुलाचा अंदाज बांधू नका, एवढंच मला यातून सांगायचंय.

अजून एक साम्य आहे, ते कायद्याचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत 'उपद्रवी' प्राणी होते. कावळे आणि उंदरांबरोबर तिथे फळं खाणारी वटवाघळं होती. जी झाडांच्या बिया पसरवतात, फुलांचं परागीभवन करतात, ती उपद्रवी! २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली. आमचंही बघा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचं नाव आलं, पण शिक्षण-नोकरीचे हक्क देणाऱ्या १९९५ च्या कायद्यातल्या सात प्रकारांत ते नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रकार २१ झाले, तेव्हा आम्ही आलो. म्हणजे कागदावर दोघांचंही नाव उशिरा का होईना, सुधारलं गेलं. लोकांच्या डोक्यातलं सुधारायचं बाकी आहे.

आता त्याच आईंचा दुसरा आक्षेप. "लोक वटवाघळाला अशुभ मानतात, कोविडनंतर तर जास्तच घाबरतात. माझ्या मुलाला आधीच बिल्डिंगमधली मुलं घाबरतात." यावर माझ्याकडे झटपट उत्तर नाही. त्या रोज जे सोसतात ते मी सोसत नाही. वटवाघळांपासून काही आजारांचा धोका असतो हेही खरं, त्यांना हात लावायला जाऊ नये. पण मला एवढंच वाटतं की फुलपाखरू लावलं तर लोकांना फुलपाखरू आवडेल, मूल नाही. ते लिफ्टमध्ये ओरडलं की पुन्हा तेच चेहरे. वटवाघूळ बघून निदान एक जण तरी विचारेल, हे का? आणि मग सांगता येईल की त्याला तुमच्यापेक्षा जास्त ऐकू येतं, म्हणून तो कान झाकतो.

चिन्हाने काहीतरी काम केलं पाहिजे, हा माझा शेवटचा मुद्दा. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर २०१६ मध्ये सूर्यफुलाची पट्टी सुरू झाली. ती गळ्यात असली की कर्मचाऱ्यांना कळतं, या माणसाला न दिसणारं अपंगत्व आहे, वेळ द्या. ते फूल चालतं, कारण ते बघून समोरच्याने काय करायचं ते ठरलेलं आहे. आपल्याकडे वटवाघळाच्या पाटीचा अर्थ ठरवू: इथे आवाज कमी, उजेड मंद, घाई नाही. पालिका दवाखान्यात एक बाक, नागरी सुविधा केंद्रात दुपारचा एक तास, मिरवणुकीच्या दिवशी एखाद्या शाळेतला एक वर्ग. महापालिकांना उत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. ठाण्याला किंवा कल्याण-डोंबिवलीला एक पाटी आणि एक बाक जड जाणार नाही.

आणि निवड? ती मतदानाने व्हावी, पण मत ऑटिस्टिक माणसांचंच. बोलणाऱ्यांचं, लिहिणाऱ्यांचं, चित्रावर बोट ठेवणाऱ्यांचंही. पालकांनी मदत करावी, मत देऊ नये. ग्रुपमधला कल्याणचा एक मुलगा बोलत नाही, टॅबवर टाइप करतो. इतक्या दिवसांच्या चर्चेत त्याला कुणी विचारलंच नव्हतं. परवा त्याच्या ताईने विचारलं. त्याने लिहिलं, "म्हैस. पावसात उभी राहते. कोणी चल म्हणत नाही."

माझं मत अजून वटवाघळाला आहे. पण म्हैस जिंकली तर टी-शर्ट मी आनंदाने घालेन.