उसना आवाज

आमच्या महाविद्यालयात गेल्या दोन-तीन वर्षांत अ‍ॅनिमेशनचे वेड चांगलेच पसरले आहे. पूर्वी भित्तिपत्रकाच्या चौकटी रंगवण्यात समाधान मानणारी मुले आता मोबाइलवर एकेक चित्र टिपून मिनिट-दीड मिनिटाचे पट तयार करतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण यंदाच्या स्नेहसंमेलनात असे पाच-सहा पट लागोपाठ पाहिले आणि एक गोष्ट मनाला खटकली. चित्रे निरनिराळ्या हातांची, आवाज मात्र सगळीकडे एकच! तोच आयता धडाका, तेच आयते हास्य, आणि मजकूर टाइप केला की यंत्रातून बाहेर पडणारा तोच गुळगुळीत मराठी स्वर. या पटांत आमचाही एक पट होता. तेव्हा हा आरोप मी प्रथम स्वतःवरच करतो.

आमची कथा साधी होती. भर उन्हात फाट्यावर एक म्हातारी एसटीची वाट पाहत बसली आहे, एवढेच. पट दीड मिनिटाचा. सेकंदाला बारा चित्रे धरली तरी १०८० चित्रे झाली. चौघांनी मिळून दोन महिने ती काढली. म्हातारीच्या लुगड्याच्या चुण्यांवरून आमची भांडणे झाली. आणि आवाजासाठी आम्ही वेळ किती दिला? एक संध्याकाळ! कावळा आयता घेतला, हॉर्न आयता घेतला, आणि म्हातारीचे एकुलते एक वाक्य यंत्राकडून वदवून घेतले. पडद्यावर म्हातारीने तोंड उघडले आणि बातम्या द्याव्यात अशा थाटात विचारले, “बाळा, एसटी गेली का?” सभागृहात हशा पिकला. जिथे लोकांच्या पोटात कालवायला हवे, तिथे ते हसले. चूक प्रेक्षकांची नव्हती.

काही मित्र म्हणतात, “अरे, नवशिक्यांनी आधी चित्र सुधारावे, आवाजाचे मागाहून पाहू.” मला हे पटत नाही. १९२८ साली वॉल्ट डिस्ने यांचा ‘स्टीमबोट विली’ गाजला, तो चित्र आणि ध्वनी यांची जोड ठोक्याला ठोका जुळल्यामुळे. आणि मिकीला आवाज दिला तो खुद्द डिस्ने यांनी. ‘टॉम अँड जेरी’मधल्या टॉमची ती सुप्रसिद्ध किंकाळीही दिग्दर्शक विल्यम हॅना यांचीच. आपल्याकडे फिल्म्स डिव्हिजनने १९७४ साली काढलेला, भीमसेन आणि विजया मुळे यांच्या हातून उतरलेला ‘एक अनेक और एकता’ आठवा. ज्यांनी तो लहानपणी पाहिला, त्यांना आधी त्यातले गाणे आठवते आणि मग पक्षी व जाळे.

दुसरा आक्षेप असा की, “आपल्याजवळ साधने कुठे आहेत?” त्यावर माझे उत्तर एकच : तोंड आहे ना? हायाओ मियाझाकी यांच्या ‘द विंड रायझेस’ या २०१३ च्या जपानी चित्रपटात विमानांचा घरघराट आणि भूकंपाचा गडगडाट माणसांच्या तोंडातून काढलेला आहे. त्यांच्यापाशी साधनांची वाण होती काय? मुळीच नाही. तरीही त्यांनी माणसाचा गळा निवडला. मग आपण तोंडाने ‘घुर्रर्र’ करायला का लाजावे?

संमेलनानंतर आम्ही सगळा ध्वनी पुसून टाकला आणि नव्याने कामाला लागलो. पंखा बंद केला, दारे लावली, भिंतीला गोधड्या टांगल्या. मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला ठेवला, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ म्हणताना श्वासाचा फटका बसत नाही. सुपात तांदूळ हलवून पाऊस केला, करवंट्या आपटून बैलगाडीची चाल केली. कंडक्टरची घंटा मात्र स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवून काही केल्या जमेना. अखेर स्टँडवर जाऊन खरीच टिपून आणली. दोन ठिकाणी आम्ही काहीच घातले नाही. उन्हाला आवाज नसतो, हे तेव्हा कळले.

राहिले म्हातारीचे वाक्य. आमच्यातल्या एकाची आजी माण तालुक्यातली. तिला आम्ही वाक्य वाचून दाखवले. ती म्हणाली, “आसं कोन बोलतं?” मग जरा थांबली, खोकली, आणि म्हणाली, “आरं बाबा, गेली का रं यष्टी?” आम्ही एकमेकांकडे पाहतच राहिलो. यंत्राने दीड सेकंदात उरकलेले वाक्य आजीने चार सेकंद घेतले. म्हणजे तीस चित्रे नवी काढणे आले! शाळेत घोकलेले ओष्ठ्य वर्ण इथे कामी आले : ‘ब’ आला की ओठ मिटलेले दिसलेच पाहिजेत, नाहीतर आवाज एकाचा आणि तोंड दुसऱ्याचे वाटते. जाणकार मंडळी आवाज आधी टिपतात आणि चित्र मागाहून काढतात, ते का, हे आम्हांला असे उलट्या वाटेने समजले.

यंत्राचा आवाज सर्वस्वी टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. कच्च्या आराखड्यात वेळ मोजायला तो बरा. ज्याला बोलता येत नाही त्याला तर तो आधारच आहे. पण ज्याच्या घरात, गल्लीत, वर्गात बोलणारी माणसे आहेत त्याने तो उसना का आणावा? यंत्राचे मराठी शुद्ध असेल. पण ते कोणत्याच गावचे नाही. आपल्या चित्रांतली माणसे जर आपल्या गावची असतील, तर त्यांच्या तोंडी गावच्या बोलीला मज्जाव का? ‘यष्टी’ हा शब्द पडद्यावर ऐकू आला तर मराठीचे काय बिघडते? उलट असे उच्चार जपून ठेवण्याची संधी आज आपल्या खिशात आहे, आणि आपण तिच्यात आयते धडाके भरतो आहोत.

नवा पट आजीला दाखवला. आपला आवाज ऐकून ती आधी लाजली, मग पडद्याजवळ जाऊन म्हातारीकडे निरखून पाहू लागली. म्हणाली, “येवढ्या उनाचं डोईवर पदर न्हाई व्हय रं तिच्या?”

दोन महिने आम्ही त्या म्हातारीला काढत होतो. आमच्या ते ध्यानात आले नव्हते. सध्या आम्ही पदर काढतो आहोत. पुष्कळ चित्रे उरली आहेत, पण कुणाची तक्रार नाही.

— तृतीय वर्ष कला