सार्वजनिक म्हंजे कुणाचं?

दोस्तांनो, विंचूरला सडकेवर उभे राहा. पश्चिमेला नाशिक, पूर्वेला येवला, पुढं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. गाव सरदारांच्या जहागिरीचं. विठ्ठल शिवदेव विंचूरकर पानिपतावर लढले, त्यांचा इतिहास छापला गेला. त्यांच्या गढीचे दगड ज्यांनी डोक्यावर वाहिले, त्यांचा इतिहास कुठल्या कपाटात आहे?

नाशकात सार्वजनिक वाचनालय निघालं १८४० साली. तेव्हा जोतीराव १३ वर्षांचे होते, त्यांची मुलींची शाळा अजून ८ वर्षं लांब. वाचनालयाला ९० वर्षं झाली आणि २ मार्च १९३० ला त्याच शहरात आपली माणसं काळाराम मंदिरापुढं उभी राहिली. सत्याग्रह पाच वर्षं चालला. दार उघडलं नाही. ९० वर्षं वाचून शहर काय शिकलं? मग १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्यात सांगून टाकलं, हिंदू म्हणून मरणार नाही.

आता गावोगावच्या जुन्या वाचनालयांची इमारत बघा. उंच पायऱ्या. दात्यांच्या नावाची संगमरवरी पाटी. आत टेबल, टेबलामागं काचेची कपाटं, कपाटांना कुलूप, चावी एका माणसाच्या कमरेला. तुम्ही यादीतलं नाव सांगायचं, तो आत जाऊन पुस्तक आणणार. आणलं तर आणलं. ही रचना आपल्या आज्यानं ओळखली असती. गावची विहीर अशीच होती. आपण खाली ओंजळ धरायची, वरून कुणीतरी पाणी ओतायचं. दया आली तर.

मी दहावीत असताना अशाच एका वाचनालयात गेलो. अनामतीचे पैसे खिशात होते. आधी आडनाव विचारलं, मग गल्ली विचारली. मग म्हणाले, दोन सभासदांच्या सह्या आण. आमच्या वस्तीत सभासद एक नाही, सही कोण देणार? दोन वर्षं बाहेरच्या बाकावर पेपर वाचले. कुणी 'येऊ नको' म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती, इमारत आणि नियम बोलत होते.

१९२३ च्या बोले ठरावात पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने होते. वाचनालय नव्हतं. पण १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली तेव्हा वाचनालयं काढणं हा तिचा उद्देश होता. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधलं ते ग्रंथांसाठी. १९५० ला औरंगाबादेत मिलिंद कॉलेज सुरू केलं. विंचूरवरून जाणाऱ्या याच सडकेच्या एका टोकाला तेव्हा बंद राहिलेलं देऊळ आहे, दुसऱ्या टोकाला उघडं कॉलेज.

१९६७ साली महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा झाला. मान्यताप्राप्त वाचनालयाला सरकारी अनुदान मिळतं. ते अनुदान कुणाच्या बापाचं नाय. काडेपेटी विकत घेणारी माझी आईपण कर भरते. म्हणून भीक नको, हिशेब पाहिजे. कपाटांची कुलपं काढा. सह्यांची अट काढा. खरेदी केलेल्या पुस्तकांची यादी भिंतीवर लावा. लासलगावच्या कांद्याच्या खळ्यावरून पोरगी सुटते सांजच्याला, तोवर वाचनालय बंद झालेलं असेल तर ते सार्वजनिक कसं?

आणि आपल्याकडंही बोट दाखवतो, राग आला तर येऊ द्या. आपण विहार बांधतो. फरशी लावतो, रंग देतो, जयंतीला रोषणाई करतो, डीजे आणतो. एक पुस्तकाचं कपाट ठेवत नाही. ठेवलं तर कुलूप लावतो आणि चावी अध्यक्षाच्या घरी! च्यायला, मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय?

या १४ एप्रिलला डीजेच्या वर्गणीतून अर्धे पैसे काढा. कपाट आणा. कुलूप आणू नका.

पाणी हातानं घेतलं, तसं पुस्तकपण हातानं घ्यायचं.

जय भीम!