उपनगरांचा फेरफार

साष्टीच्या ज्या गावांतील भातखाचरे, आमराया, खाजणे आणि मिठागरे महसूल दफ्तरात सर्व्हे नंबरानिशी नोंदलेली होती, ती गावे १९५० आणि १९५७ साली दोन टप्प्यांत मुंबई महापालिकेच्या हद्दीत दाखल झाली. आणि पुढे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड येथे जमिनीचा विनियोग इतका आमूलाग्र पालटला, की त्या परिवर्तनाचा स्थलकालानुसार मागोवा घेण्यासाठी आता गणिताचाच आश्रय घ्यावा लागतो.

तसे गणित उपलब्ध आहे. १९७० साली वाल्डो टोबलर या भूगोलज्ञाने डेट्रॉइटच्या वाढीचे संगणकीय प्रतिरूप मांडले, आणि त्यानंतर विकसित झालेल्या पद्धतींत नगराचा नकाशा लहान चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीचे भवितव्य शेजारच्या चौकटी, रस्त्याचे सान्निध्य, भूमीचा उतार आणि बांधकामाची मनाई यांवरून अनुमानिले जाते. रेल्वे स्थानकाभोवती दाटत गेलेली, मग द्रुतगती महामार्गांच्या कडेने पसरलेली आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानापाशी अडलेली आपली उपनगरे या पद्धतीत पुष्कळ अंशी बसतात.

परंतु १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्काची तरतूद केली, आणि मुंबई बेटावरील आरक्षित भूखंडाच्या मोबदल्यात मिळालेला हक्क उपनगरांत नेऊन वापरण्याची मुभा मिळाली, तेव्हा शेजाराचा हा नियम अपुरा ठरला. कारण दादरच्या भूखंडाचा निकाल बोरिवलीतील इमारतीची उंची ठरवू लागला. मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावरील कारखान्यांच्या जागी मॉल व मनोरे उभे राहिले, अंधेरीच्या मरोळ औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या जागी कचेऱ्या थाटल्या गेल्या. ज्याच्या चित्रांवरून अशी प्रतिरूपे बहुधा बेतली जातात, त्या आकाशातून पाहणाऱ्या उपग्रहाला मात्र पूर्वीही बांधलेली जमीन दिसत होती आणि आजही तीच दिसते. त्या छपराखाली किती माणसे वाढली, किती पाणी लागू लागले, किती मैला वाहू लागला, हे त्या चित्रातून कळणे नाही. ते कळते मिळकत पत्रिकेवरून, बांधकाम परवान्यावरून, अकृषिक आकारणीच्या नोंदीवरून. म्हणजे सरकारी कागदावरून. उपग्रहचित्रांवर विसंबून उपनगरांचे भाकीत करणे म्हणूनच मला अनुचित वाटते.

आणि कागदही बिनचूक हवा. मुंबईच्या विकास आराखड्याच्या मसुद्यात रस्ते, धर्मस्थळे, वारसावास्तू यांच्या नोंदींत इतक्या चुका निघाल्या की २०१५ साली तो रद्द करून नव्याने तयार करावा लागला, आणि मंजुरीस २०१८ साल उजाडले. वर्तमानच चुकीचे नोंदले असता भविष्याचे गणित, मग ते कितीही कुशल असो, कोणत्या आधारावर उभे राहणार?

२००५ च्या २६ जुलैस सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा परिणामांचा हिशेब न मांडता भराव घातलेल्या खाजणांची आणि आवळलेल्या मिठी नदीची किंमत उपनगरांनी मोजली. तरीही मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग येथील मिठागरांवर धारावीच्या पुनर्वसनाची घरे बांधण्याचा निर्णय शासनाने २०२४ साली घेतला. गरिबाला पक्के घर मिळावे याविषयी माझे दुमत नाही. पण त्याच्या उंबऱ्यात भरतीचे पाणी येणार की नाही, हे आधी तपासणे शासनाचे कर्तव्य आहे. महापालिका आणि उपनगर जिल्हाधिकारी यांनी आपली दफ्तरे एकत्र जुळवून वर्षवार भूविनियोगाचा नकाशा प्रसिद्ध करावा, चटईक्षेत्र वाढविण्याच्या वा मिठागर मोकळे करण्याच्या प्रत्येक प्रस्तावासोबत त्याच्या परिणामांचे प्रतिरूप नागरिकांपुढे ठेवावे, आणि हरकती-सूचनांची मुदत ते प्रसिद्ध झाल्यानंतरच मोजावी.