मेंदूचा पहारा

सर्दीच्या जुन्या गोळीने झोप येते, नवीने सहसा नाही. का? मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. जुनी गोळी त्यातूनही आत शिरते, नवी फारशी नाही. 1967 साली रीझ आणि कार्नोव्स्की यांनी उंदराच्या रक्तात एक प्रथिन सोडले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते याच सांध्यांपाशी अडलेले दिसले. अल्लाहची केवढी ही हिकमत!

पण हा पहारा बऱ्याच औषधांनाही अडवतो. म्हणून मेंदूच्या आवरणाच्या टीबीत आत पोहोचणारी औषधे निवडतात, उपचारही साधारण वर्षभर चालतो. कपिलधारच्या डोंगराकडून बीडची फेरी जड जाते खरी. तरी मूल हसू-खेळू लागले म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळ्या थांबवू नका. सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात.